ईएसआर ९२, सांधे शांत: तासगावकडच्या एका आमवात रुग्णाचं प्रकरण

रुग्ण ५३ वर्षांची बाई, तासगाव तालुक्यातली, घरची द्राक्षबाग. वजन ५४ किलो, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सहा वर्षांपासून. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, या आमवाताच्या रक्तातल्या खुणा, दोन्ही पॉझिटिव्ह. औषधं: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच १५ मिलीग्रॅम, फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलीग्रॅम दुसऱ्या दिवशी, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन २०० मिलीग्रॅम रोज. तीन वर्षं सगळं सुरळीत.

एप्रिलच्या मध्यावर, खरड छाटणी ऐन भरात असताना, तालुक्याच्या लॅबचा रिपोर्ट आला: ईएसआर ९२, सीआरपी ४.८. दोन्ही शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या. मागच्या ऑगस्टचा रिपोर्ट सांगलीतल्या दुसऱ्या लॅबचा होता: ईएसआर ३४, सीआरपी ०.५. मुलानं दोन्ही कागद शेजारी धरले. एक आकडा जवळजवळ तिप्पट, दुसरा दहापट. गावच्या दवाखान्यात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, २० मिलीग्रॅम, सुरू झालं, ‘आता इंजेक्शनवर जावं लागेल’ असं सांगून मिरजेची चिठ्ठी दिली गेली. इंजेक्शन म्हणजे बायोलॉजिक, साध्या गोळ्या पुऱ्या पडेनात तेव्हा देतात ते पुढचं औषध. पाच दिवसांनी बाई मिरजेत आल्या तेव्हा स्टिरॉइड चालूच होतं.

(हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, कुणा एका रुग्णाचं नाही. आकडे अशा रुग्णांत दिसतात तसे ठेवले आहेत आणि हिशेब कागदावर करून पाहता येतील असे आहेत.)

आधी कागद

सीआरपीचा गोंधळ दोन मिनिटांत सुटला. सांगलीच्या लॅबचं एकक मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर, तालुक्याच्या लॅबचं मिलीग्रॅम प्रति लिटर. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. त्यामुळे ऑगस्टचे ०.५ म्हणजे ५ मिलीग्रॅम प्रति लिटर. आताचे ४.८. म्हणजे सीआरपी हललंच नव्हतं. एकक रिपोर्टच्या उजव्या रकान्यात बारीक अक्षरात असतं, आणि घरचे लोक मोबाइलवर फोटो पाठवतात तेव्हा नेमका तोच रकाना कापला जातो.

सीआरपी कोणत्या पद्धतीनं केलं हेही विचारायला हवं. लहान लॅबमध्ये अजून लेटेक्सची पाटी वापरतात: काचेवर सीरमचा थेंब, त्यात लेटेक्सचा थेंब, दोन मिनिटं हलवायचं आणि गुठळ्या दिसतात का बघायचं. साधारण ६ मिलीग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं की पॉझिटिव्ह. सीरम पातळ करत गेलं की अंदाजे आकडा मिळतो, पण तो १२, २४, ४८ अशा दुपटीच्या उड्या मारतो. शिवाय सीआरपी फारच जास्त असेल तर पाटीवर गुठळ्या धरतच नाहीत आणि रिपोर्ट चक्क निगेटिव्ह येतो. रुग्ण तापानं फणफणलाय आणि लेटेक्स सीआरपी निगेटिव्ह, असं दिसलं की सीरम पातळ करून पुन्हा पाहायला सांगावं. या बाईंचं सीआरपी यंत्रावर टर्बिडिमेट्रीनं केलं होतं, त्यामुळे ४.८ वर भरवसा ठेवता आला.

एक शंका मात्र उरत होती. स्टिरॉइडमुळे सीआरपी खाली आलं असेल का? नाही, कारण हा नमुना स्टिरॉइडच्या आधीचा. सीआरपीचा रक्तातला अर्धा काळ साधारण १९ तास असतो, त्यामुळे पाच दिवसांच्या २० मिलीग्रॅमनंतर घेतलेलं सीआरपी खरोखरच दिशाभूल करू शकतं. म्हणून मिरजेत नवा नमुना घेतला तेव्हा कागदावर ‘प्रेडनिसोलोन ५ दिवस’ अशी नोंद केली.

नळीत काय घडतं

उरला ईएसआर. ही चाचणी शंभर वर्षांहून जुनी. बिएरनात्स्कीनं १८९७ मध्ये ती मांडली आणि वेस्टरग्रेननं १९२१ मध्ये तिला आजचं रूप दिलं. चार भाग रक्त, एक भाग सायट्रेट, २०० मिलिमीटरची सरळ उभी नळी, आणि एक तास. तासाभरात लाल पेशी किती खाली बसल्या ते मोजायचं, बस्स. पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटल्या की जड होऊन लवकर बसतात. फायब्रिनोजेन आणि इम्युनोग्लोब्युलिन वाढले की चळती लवकर होतात. म्हणजे ईएसआर सूज थेट मोजत नाही, सुजेमुळे प्लाझ्मात जे बदल होतात त्यांचा परिणाम मोजतो. आणि त्या परिणामात दुसरेही हात मिसळतात.

एप्रिलच्या दुपारी तासगावात लॅबचा कुलर बंद असेल तर ते पहिलं संशयाचं कारण. ही चाचणी १८ ते २५ अंशांत लावायची असते. ३५ अंशांच्या खोलीत पेशी लवकर बसतात आणि आकडा फुगतो. नळी तीन अंश जरी कलली तरी आकडा ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. त्याच टेबलावर सेंट्रिफ्यूज फिरत असेल तर त्याच्या थरथरीनंही वाढतो. उलट, रक्त बाहेर चार तासांपेक्षा जास्त पडून राहिलं तर पेशींचा आकार बदलतो, चळती होत नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. काळ्या टोपणाच्या नळीत खुणेपेक्षा कमी रक्त भरलं की सायट्रेट जास्त पडतं, त्यानंही कमी येतो. त्यामुळे सकाळी गावात घेतलेलं रक्त दुपारी मोटरसायकलच्या डिकीतून आलं तर आकडा वर जाईल की खाली हे सांगणंच अवघड.

पद्धतही विचारावी. काही ठिकाणी अजून विंट्रोबची १०० मिलिमीटरची नळी वापरतात. तिचा आकडा वेस्टरग्रेनशी जुळत नाही, आणि ईएसआर जास्त असेल तेव्हा ती कमी दाखवते. दोन लॅबचे आकडे लावून ‘वाढलं’ म्हणण्याआधी दोन्हीकडे एकच पद्धत आहे का, हे फोन करून विचारता येतं.

मिरजेत वेस्टरग्रेन पद्धतीनं, एसीच्या खोलीत, रक्त घेतल्यापासून तासाभरात पुन्हा लावला: ८४. नळीचा दोष निघाला असता तर प्रकरण इथंच मिटलं असतं. तसं झालं नाही.

हात

“मावशी, सकाळी उठल्यावर मूठ वळते का?”

“वळती की. पण कात्री धरली की अंगठ्याचं बूड दुखतंय, लय.”

सकाळचा ताठरपणा दहा मिनिटं. बोटांच्या पेरांवर सूज नाही, मनगटावर नाही. दोन्ही गुडघे दाबल्यावर दुखरे, हलवताना करकर वाजतात, पण पाणी नाही. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा दाबून फिरवला की कळ येते. तो झिजेचा सांधा. वर्षानुवर्षं विरळणीची आणि छाटणीची कात्री धरणाऱ्या बायांमध्ये नेहमीचा. आमवात मोजायच्या २८ सांध्यांत अंगठ्याचं बूड येतच नाही: खांदे, कोपर, मनगटं, तळव्याजवळचे दहा सांधे, बोटांच्या मधले दहा आणि गुडघे, इतकेच. घोटे आणि पायाची बोटंही त्यात नाहीत. म्हणून फक्त पाय सुजलेला रुग्ण या मोजणीत सुटू शकतो, आणि म्हणून २८ मोजून झाले तरी चपला काढायला सांगायच्या असतात. या बाईंचे पाय ठीक होते.

मोजणी अशी: दुखरे सांधे २, सुजलेले ०, रुग्णाचं स्वतःच्या त्रासाचं मोजमाप १०० पैकी ३०, डॉक्टरांचं १० पैकी १.

आता सूत्र. डीएएस-२८ मध्ये, म्हणजे आमवात किती पेटलाय ते मोजणाऱ्या आकड्यात, चार तुकडे असतात: दुखऱ्या सांध्यांच्या वर्गमुळाला ०.५६ नं गुणा, सुजलेल्यांच्या वर्गमुळाला ०.२८ नं, ईएसआरच्या नैसर्गिक लॉगॅरिदमला ०.७० नं आणि रुग्णाच्या मोजमापाला ०.०१४ नं, सगळं मिळवा. २.६ च्या खाली म्हणजे आजार निवलेला, ३.२ पर्यंत कमी, ५.१ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. तालुक्याच्या ९२ नं केलं तर ०.७९ अधिक शून्य अधिक ३.१७ अधिक ०.४२, म्हणजे ४.३८. मध्यम. याच आकड्यावर ‘मेथोट्रेक्सेट पुरेना, बायोलॉजिक द्या’ असं लिहिलं जातं.

४.३८ पैकी ३.१७ एकट्या ईएसआरचे आहेत. एकही सांधा दुखला नसता, बाईंनी ‘मला काही त्रास नाही’ म्हणून शून्य सांगितलं असतं, तरी आकडा ३.१७ राहिला असता, आणि २.६ ची रेघ ओलांडून ‘आजार निवलेला नाही’ असाच शिक्का बसला असता. ईएसआर ४१ च्या वर असेल तर या सूत्रानं कुणीही निवलेल्या गटात बसूच शकत नाही, सांधे कितीही शांत असोत.

त्याच दिवशीची त्याच बाईची मोजणी सीआरपीच्या सूत्रानं केली (लॉगॅरिदम सीआरपी अधिक एकचा, गुणक ०.३६, शेवटी ०.९६ मिळवायचे) तर २.८ येतात. रक्ताचा आकडाच नसलेल्या सीडीएआय या दुसऱ्या मापात (रुग्णाचे ३० इथं १० पैकी ३ होतात) २ अधिक ० अधिक ३ अधिक १, म्हणजे ६, कमी क्रियाशीलता. तीन मापं, त्यातली दोन एका बाजूला आणि हातही त्याच बाजूला. मनगटाची सोनोग्राफी पॉवर डॉपलरनं केली, सायनोव्हियममध्ये, म्हणजे सांध्याच्या आतल्या आवरणात, सुजेचा रक्तप्रवाह दिसला नाही. प्रेडनिसोलोन त्याच दिवशी थांबवली. पाचच दिवस झाले असल्यानं हळूहळू कमी करत नेण्याची गरज नव्हती.

मग ईएसआर वाढला कशानं?

डोळ्यांची पापणी

खालची पापणी ओढली तर आत फिक्कट. हिमोग्लोबिन ८.२. तालुक्याच्या लॅबनं ‘संधिवात प्रोफाइल’ केलं होतं: आरए, एएसओ, सीआरपी, ईएसआर, युरिक अ‍ॅसिड. साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, त्यात नव्हता. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाचा सीबीसी, एसजीपीटी (यकृतासाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) दर दोन-तीन महिन्यांनी व्हायला हवेत. शेवटचा सीबीसी आठ महिन्यांपूर्वीचा. त्या प्रोफाइलमधल्या एएसओचा (स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गाची खूण) मोठ्या माणसाच्या आमवाताशी काही संबंध नाही, आणि आधीच पॉझिटिव्ह असलेला आरए फॅक्टर पुन्हा केल्यानं आजाराची धग कळत नाही. त्या पैशात सीबीसी झाला असता.

रक्त पातळ झालं, पेशी कमी झाल्या, की त्यांच्या खाली बसण्याला अडथळा कमी होतो आणि ईएसआर वाढतो. सीआरपीला हिमोग्लोबिनशी देणंघेणं नाही. ते यकृतात इंटरल्युकिन-६ च्या हुकमावर बनतं. म्हणून ईएसआर उंच आणि सीआरपी नेहमीसारखं दिसलं की हिमोग्लोबिन आणि ग्लोब्युलिन (रक्तातल्या प्रथिनांचा एक गट), हे दोन आकडे आधी मागवायचे.

एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ७१, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) १९, प्लेटलेट ४.६ लाख, पांढऱ्या पेशी ७,२००. मेथोट्रेक्सेटवर एमसीव्ही सहसा वर सरकतं. इथं ते खाली होतं, हा लोहाच्या कमतरतेचा सरळ इशारा. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन १४, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ७ टक्के. इथं एक सावधगिरी. फेरिटिन सुजेत वाढतं, त्यामुळे आमवात पेटलेला असताना फेरिटिन ८० आलं तरी आत लोह संपलेलं असू शकतं. इथं सूज नव्हती आणि फेरिटिन १४, वाद नाही.

पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी झालं तर ते बहुधा पोटातून जातं. ‘गोळ्या कोणत्या घेता’ या प्रश्नाला आधी फक्त आमवाताच्या गोळ्यांची नावं आली. पिशवी उपडी करायला लावली तेव्हा मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या तीन पट्ट्या निघाल्या. फेब्रुवारीत माल काढायला लागल्यापासून रोज दोन, पुढं बेदाण्याच्या शेडवर आणि छाटणीतही चालूच. त्यावर पाच दिवस प्रेडनिसोलोन. शी काळी होते का, यावर त्यांचं उत्तर ‘कधी कधी’. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात दोन उथळ जखमा, जठरात जखमा करणारा हेलिकोबॅक्टर जंतू पॉझिटिव्ह. मोठ्या आतड्याची तपासणीही केली, कारण वयाच्या पन्नाशीनंतर वरची जखम सापडली म्हणून खालची शक्यता पुसली जात नाही. ती स्वच्छ निघाली.

जे वगळायचं होतं

५३ वर्षं, अ‍ॅनिमिया, ईएसआर ९२, सीआरपी साधं. हे चित्र मल्टिपल मायलोमाचंही, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाचंही, असतं, आणि आमवाताचं लेबल आधीच लागलेलं असल्यानं तो नजरेआड होतो. एकूण प्रोटीन ८.१, अल्ब्युमिन ३.७, म्हणजे ग्लोब्युलिन ४.४. जास्त. प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस केलं: गॅमा भागात रुंद फुगवटा, मायलोमात दिसतो तसा टोकदार सुळका नाही. फ्री लाइट चेनचं गुणोत्तर ठीक, कॅल्शियम ९.२, क्रिएटिनिन ०.८. मायलोमा बाजूला झाला. रुंद फुगवट्याचं कारणही मिळालं: बाईंचे डोळे कोरडे, भाकरीबरोबर पाणी लागतं, अँटी-रो पॉझिटिव्ह. आमवाताबरोबर आलेला शोग्रेन, म्हणजे डोळे आणि तोंड कोरडं पाडणारा आजार. ऑगस्टमधला ३४ याच कारणानं तेवढा होता. तसंही या वयाच्या बाईला वय अधिक दहा, भागिले दोन, या ढोबळ हिशेबानं ३१ पर्यंत ईएसआर चालतो.

ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा आणखी एक आजार, त्याचाही विचार केला. त्यात आजार पेटलेला असूनही सीआरपी बऱ्याचदा शांत राहतं आणि ईएसआर चढतो. म्हणून ल्युपसच्या रुग्णाचं सीआरपी अचानक खूप वाढलं तर आधी जंतुसंसर्ग किंवा छातीच्या आवरणाची सूज शोधतात. लघवीत प्रोटीन नाही, ल्युपससाठीच्या रक्तचाचण्यांत सी३ आणि सी४ ठीक, डीएस-डीएनए निगेटिव्ह. तो विषय तिथंच सोडला.

उपचार

डायक्लोफेनॅक बंद. पँटोप्रॅझोल आठ आठवडे, हेलिकोबॅक्टरचा १४ दिवसांचा कोर्स. अंगठ्याला रात्री घालायचा पट्टा, आणि कात्री बदलली: दांडीला रबर, स्प्रिंग हलकी. दुखलं तर पॅरासिटामोल. मेथोट्रेक्सेट १५ वरच. वाढवलं नाही, बदललं नाही.

लोह तोंडानं की शिरेतून, यावर दोन मतं होऊ शकतात. सीआरपी साधं असल्यानं गोळ्या शोषल्या गेल्या असत्या. पण पँटोप्रॅझोलनं आम्ल कमी झालं की लोह नीट शोषलं जात नाही, आणि जखम भरत असताना लोहाची गोळी आणखी टोचते. त्यात लोहानं शी काळीच होते, म्हणजे पुन्हा रक्त गेलं तरी कळणार नाही. शिरेतून द्यायचं फेरिक कार्बोक्सीमाल्टोज निवडलं: हिमोग्लोबिन १० च्या खाली आणि वजन ३५ ते ७० किलो असेल तर एकूण १,५०० मिलीग्रॅम, पहिल्या वेळी १,०००, आठवड्यानं ५००. एका वेळी २० मिलीग्रॅम प्रति किलोच्या वर जायचं नाही, म्हणजे ५४ किलोला १,०८० ही मर्यादा. सलाइनमधून किमान १५ मिनिटं, नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. या औषधानं फॉस्फेट खाली जाऊ शकतं. महिन्याभरानं पुन्हा गळल्यासारखं वाटलं तर ते मोजायचं.

जूनमध्ये हिमोग्लोबिन ११.६, ईएसआर ४८. ऑक्टोबरात, गोडी छाटणीच्या वेळी, हिमोग्लोबिन १२.३, ईएसआर ३६, सीआरपी ४. सगळं एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीनं. छत्तीसच्या खाली आणण्याचा खटाटोप केला नाही. तो शोग्रेनचा वाटा. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं: ‘हिचा नेहमीचा ईएसआर ३५च्या आसपास. डीएएस सीआरपीनं काढा.’

दुसरीकडं हाच सल्ला उलटा पडतो. टोसिलिझुमॅब या बायोलॉजिकवर असलेल्या रुग्णात इंटरल्युकिन-६ चाच रस्ता अडवलेला असतो, त्यामुळे सीआरपी शून्याच्या आसपास राहतं. निमोनिया झाला तरी ते हलेलच असं नाही. आमवाताच्या जॅक गटाच्या गोळ्यांवरही सीआरपी दबतं. तिथं सीडीएआय धरायचा, आणि ताप आला तर रक्ताच्या आकड्यानं निर्धास्त व्हायचं नाही.

जानेवारीत, माल उतरायच्या आधी, बाई पुन्हा आल्या. या वेळी मूठ वळत नव्हती. ताठरपणा दीड तास, दुखरे सांधे ६, सुजलेले ४, स्वतःचं मोजमाप ६०. हिमोग्लोबिन १२.१, सीआरपी ३१, ईएसआर ५८. ईएसआरच्या सूत्रानं ५.६१, सीआरपीच्या सूत्रानं ४.९८. आजार खरोखर उसळला तेव्हाचा ईएसआर एप्रिलमधल्या ९२ पेक्षा बराच खाली होता. पिशवी पुन्हा उपडी केली. मेथोट्रेक्सेटची पट्टी ऑक्टोबरातच संपलेली. फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही पिवळी आणि बारीक, म्हणून दोन्ही वार तीच घेतली जात होती. मेथोट्रेक्सेट १५ पुन्हा सुरू केलं, आणि मुलानं पट्टीवर मार्करनं मोठ्या अक्षरात ‘रविवार’ लिहिलं.